ठिपके आणि झीज

अमेरिकेतला जुना घडीचा चाकू हातात आला की संग्राहक आधी धार बघत नाही. पातं उघडून त्याच्या मुळाशी काय ठोकलंय ते बघतो. पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या ‘केस’ कंपनीने 1970 साली तिथे दहा ठिपके ठोकले आणि पुढे दर वर्षी एकेक कमी केला. सत्तरच्या दशकातल्या चाकूवर सात ठिपके दिसले, की तो 1973 चा. तारीख लागली, काम झालं!

पण आता तीन पात्यांचा ‘स्टॉकमन’ घ्या. हा गुरं पाळणाऱ्यांचा चाकू. मोठं टोकदार पातं रोजच्या कामाला, दुसरं सरळ धारेचं, आणि तिसरं ‘स्पे’, वासरांच्या खच्चीकरणासाठी. त्याचं टोक मुद्दाम बोथट, भलतीकडे घुसू नये म्हणून.

बाजारात भाव मिळतो तो कोऱ्या चाकूला. पातं घासून बारीक झालं, की किंमत पडली. आणि ज्याचा इतिहास आपल्याला हवाय तो माणूस तर चाकू रोज खिशात बाळगत होता, दगडावर घासत होता! त्याचा चाकू झिजून गेला; कपाटात उरला तो न वापरलेला. कोऱ्या वह्या चाळून शाळेचा इतिहास लिहावा, तसं हे होतं.

म्हणून मी झिजलेला चाकू आधी उचलतो. मोठं पातं घासून निम्मं झालंय आणि स्पे मात्र जसंच्या तसं, असं दिसलं तर समजा, मालकाकडे बहुधा वासरं नव्हतीच.