मिल ग्रोव्ह : एका पक्षीचित्रकाराचे घर

पेन्सिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाच्या वायव्येस, पर्किओमेन ओढ्याच्या काठी मिल ग्रोव्ह नावाचे एक दगडी घर आहे. जेम्स मॉर्गन याने ते १७६२ मध्ये बांधले आणि १७८९ मध्ये जाँ ऑडुबॉन या फ्रेंच कप्तानाने विकत घेतले. नेपोलियनच्या सैन्यभरतीतून मुलगा सुटावा म्हणून त्याने १८०३ मध्ये अठरा वर्षांच्या जॉन जेम्सला येथे धाडले. त्या जमिनीत शिसे सापडत होते. मुलाचे लक्ष मात्र पाखरांत. त्याचा मुक्काम फार दिवसांचा नव्हता, परंतु त्याची चित्रणपद्धती येथेच जन्मास आली.

मेलेला पक्षी दोरीने टांगून काढला की चित्रही मेलेलेच उतरते, हे त्यास सलत होते. एके दिवशी त्याने नॉरिसटाउनहून तार आणली, नुकताच मारलेला खंड्या त्या तारांनी फळीवर जिवंतासारखा बसविला आणि त्यावरून चित्र काढले. पुढे १८२७ ते १८३८ या काळात निघालेल्या ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ या ग्रंथातील ४३५ चित्रांत पक्षी जिवंत आकाराएवढे आहेत. उंच पक्ष्यांच्या माना त्यासाठी वाकवाव्या लागल्या.

या घराची दुसरी कथा अधिक लोकप्रिय आहे. गुहेतील फीबी पक्ष्याच्या पिल्लांच्या पायांना त्याने रुप्याचा धागा बांधला आणि पुढच्या वसंतात त्यांतील दोन परतलेली पाहिली, असे तो स्वतः लिहितो. अमेरिकेतील पहिला पक्षी-कडी प्रयोग म्हणून पाठ्यपुस्तकांनी तिला मान दिला. पण १८०५ च्या त्या वसंतात ऑडुबॉन फ्रान्सात होता, हे २०१८ मध्ये एका संशोधकाने दाखवून दिले. दोन्ही कथा एकाच लेखणीतून उतरलेल्या. पहिलीच्या बाजूने निदान चित्रे तरी साक्ष देतात, दुसरीला तसा आधार नाही. घर जपावे, कथा तपासावी.

१८१३ पासून वेदरिल कुटुंबाकडे असलेले हे घर १९५१ मध्ये माँटगोमेरी काउंटीने घेतले. आज येथे त्याच्या कृतींचे संग्रहालय व पक्षिनिरीक्षणाचे केंद्र आहे. २०१९ मध्ये संग्रहालयाची नवी इमारत उघडली. कप्तानाचे हैतीमधील उसाचे मळे गुलामांच्या श्रमांवर चालत, आणि चित्रकारानेही पुढे केंटकीत गुलाम बाळगले व विकले. त्याचे नाव धारण करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २०२३ मध्ये ते कायम ठेवले. तिच्या काही स्थानिक शाखांनी मात्र ते टाकले.