फिशटँकचे पाणी गढूळ होते तेव्हा...

हौसेने घरी आणलेली माशांची टाकी पहिले दोन दिवस आरशासारखी लखलखते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाण्यावर दुधाळ झाक येते आणि आठवड्याभरात पलीकडची भिंतही धूसर दिसू लागते. मग रविवारी सकाळी घरातील मंडळी कंबर कसतात. मासे बादलीत, पाणी मोरीत, खडी नळाखाली आणि फिल्टरचा स्पंज खसखसून धुण्यासाठी बेसिनमध्ये. दुपारपर्यंत टाकी पुन्हा चकचकीत होते. बुधवार उजाडेपर्यंत मात्र एखाद-दुसरा मासा पाण्यावर उलटा तरंगताना दिसतो. ‘आमच्याकडे मासे जगतच नाहीत’ हा अनेक घरांतील निष्कर्ष बहुधा याच रविवारी जन्माला येतो.

गढूळ पाणी हे लक्षण आहे. त्यामागचे कारण न शोधता केलेली सरसकट सफाई माशांना गढूळपणापेक्षा अधिक महागात पडते. त्यामुळे पाणी उपसण्याआधी ते नीट पाहणे, ही देखभालीची पहिली पायरी ठरते.

टाकीतील अदृश्य रहिवासी

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया पाण्यात सोडतात. त्यांची विष्ठा आणि उरलेले खाद्य कुजूनही अमोनिया तयार होतो. माशांच्या दृष्टीने हे विषच. निसर्गात काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. यांपैकी नायट्राइटही घातक असते; नायट्रेट त्या मानाने पुष्कळच सौम्य. रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९०च्या सुमारास या जिवाणूंचा उलगडा केला. ही दोन्ही कामे एकटाच पार पाडणारा ‘नायट्रोस्पायरा’ गटातील जिवाणूही असल्याचे २०१५ मध्ये सिद्ध झाले.

हे जिवाणू मोकळ्या पाण्यात फारसे राहत नाहीत. फिल्टरचा स्पंज, खडी, काच, वनस्पतींची पाने यांवर त्यांचा पातळ थर बसतो. नव्या टाकीत हा थर पुरेसा जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्याखाली सगळे सामान घासून धुतले, की महिनाभरात वसलेली ही वस्ती तासाभरात उद्ध्वस्त होते. मासे तितकेच, खाद्य तितकेच. अमोनिया पचवणारे मात्र कोणी उरत नाही. रविवारच्या स्वच्छतेनंतर बुधवारी मासा दगावतो तो यामुळे.

आधी पेल्यात पाणी घ्यावे

कारण ओळखण्याची सोपी रीत घरातच आहे. टाकीतील पाणी काचेच्या स्वच्छ पेल्यात घ्यावे, मागे पांढरा कागद धरावा आणि पेला दोन-तीन तास न हलवता ठेवावा. तळाशी गाळ बसून वरचे पाणी निवळले, तर धूळ किंवा माती हे कारण. काहीच न बसता पाणी दुधाळ राहिले, तर जिवाणूंची वाढ. कागदावर हिरवी छटा उमटली तर शैवाल आणि फिकट चहासारखा रंग दिसला तर लाकडाचा किंवा पानांचा अर्क, असे समजावे.

पांढरट, दुधाळ पाणी: नव्या टाकीतील सर्वांत नेहमीची तक्रार. उरलेल्या खाद्यावर पोसणारे जिवाणू अनुकूल स्थितीत तासाभराच्या आत दुप्पट होऊ शकतात. अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना त्यासाठी जवळजवळ दिवस लागतो. या शर्यतीत पहिले पुढे निघून जातात आणि त्यांचीच गर्दी पाण्यात दुधासारखी दिसते. वस्ती स्थिरावली, खाद्य कमी झाले, की काही दिवसांत किंवा फार तर एक-दोन आठवड्यांत पाणी आपोआप निवळते. तोवर खाद्य अगदी कमी करावे, नवे मासे आणू नयेत आणि हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. हे जिवाणू पाण्यातील प्राणवायू मोठ्या प्रमाणात वापरतात. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर तो धोक्याचा इशारा मानून हवा वाढवावी आणि थोडे पाणी बदलावे.

जुन्या, स्थिरावलेल्या टाकीतील पाणी अचानक दुधाळ झाले, तर शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो. खडीत वा झाडामागे मेलेला मासा, एकाच वेळी आणलेले बरेच नवे मासे, नुकताच धुतलेला फिल्टर किंवा कोणी प्रेमाने रिकामी केलेली खाद्याची डबी, यांपैकी काहीतरी सापडतेच. गणपतीला गावी जाताना टाकी शेजाऱ्यांच्या हवाली करणाऱ्यांनी डबी मागे ठेवण्याऐवजी एकेका वेळेच्या खाद्याच्या पुड्या बांधून द्याव्यात. निरोगी, पूर्ण वाढलेले मासे तीन-चार दिवस उपाशी राहिले तरी त्यांना अपाय होत नाही.

करडे, धुळकट पाणी: टाकी भरल्याबरोबर पाणी करडे झाले, तर खडी नीट धुतलेली नसते. बादलीत पाणी नितळ निघेपर्यंत ती धुणे हा खात्रीचा उपाय. संगमरवराचे शुभ्र तुकडे टाळावेत. ते पाण्यात हळूहळू विरघळून कठीणपणा वाढवतात. खडीवर व्हिनेगरचे थेंब टाकल्यावर बुडबुडे आले, तर ती चुनखडीयुक्त आहे असे समजावे. बोअरवेलचे कठीण पाणी हवा मिळाल्यावर पांढरट होते, त्याचेही मूळ चुन्याच्या क्षारांत असते. असे पाणी एका रात्रीसाठी बादलीत हवा सोडत ठेवून, वरचे निवळलेलेच वापरावे.

पावसाळ्यात नळालाच गढूळ पाणी येते तेव्हा ते थेट टाकीत ओतू नये. ते निवळण्यासाठी टाकीत तुरटी फिरवण्याचा मोहही आवरावा. तुरटीने पाण्याचा सामू घसरतो आणि तिच्यातील ॲल्युमिनियम माशांच्या कल्ल्यांना इजा करते.

हिरवे पाणी: खिडकीतले ऊन आणि साचलेले नायट्रेट यांवर एकपेशीय शैवाल फोफावते. ते इतके सूक्ष्म असते, की स्पंजमधून सहज निसटते; पाणी बदलले तरी चार दिवसांत परत येते. टाकी उन्हापासून हलवावी आणि दिवा दिवसाकाठी सहा ते आठ तासच लावावा. तरीही फरक न पडल्यास टाकी तीन-चार दिवस जाड कापडाने झाकून पूर्ण अंधार करावा, मात्र पंप चालू ठेवावा. त्यानंतर मेलेले शैवाल कुजण्याआधी चौथा हिस्सा पाणी बदलावे. वॅलिसनेरिया, हायड्रिला यांसारख्या वेगाने वाढणाऱ्या वनस्पती शैवालाचे अन्न आधीच पळवतात, म्हणून त्या उपयोगी पडतात.

तपकिरी पाणी: शोभेचे लाकूड किंवा देशी बदामाची पाने यांतील टॅनिनमुळे पाण्याला चहाचा रंग येतो. तो माशांना सहसा बाधत नाही. नजरेला खटकत असल्यास फिल्टरमध्ये सक्रिय कोळसा ठेवावा.

पाणी किती आणि कसे बदलावे?

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे ५४ लिटर पाणी मावते. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता प्रत्यक्षात ते ४५ लिटरच्या आसपास भरते. आठवड्यातून एकदा यातील २० ते २५ टक्के, म्हणजे १० लिटरच्या आसपास पाणी बदलणे पुरेसे असते. प्लॅस्टिकच्या नळीने ते तळाच्या खडीतूनच ओढावे, म्हणजे गाळही निघून जातो. फिल्टरचा स्पंज याच काढलेल्या पाण्यात हलक्या हाताने पिळून परत बसवावा. साबण किंवा डिटर्जंट टाकीच्या जवळपासही आणू नये.

नव्या पाण्यातील क्लोरीनचाही विचार हवा. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक असणे अपेक्षित असते. माणसाला सुरक्षित असलेले हे प्रमाण माशांच्या कल्ल्यांना मानवत नाही. पाणी २४ तास उघड्या बादलीत, शक्यतो पंपाने हवा सोडत ठेवावे किंवा सोडियम थायोसल्फेट असलेले द्रावण बाटलीवरील प्रमाणात घालावे. नवे आणि जुने पाणी हाताला सारखेच कोमट वा थंड लागेल, याचीही काळजी घ्यावी.

नितळ म्हणजे सुरक्षित नव्हे

अमोनियाला रंग नसतो. काचेसारख्या नितळ पाण्यातही तो घातक पातळीवर असू शकतो. २५ अंश सेल्सियस तापमानाला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या घरात जातो. त्यामुळे थेंब टाकून रंग पाहण्याचा चाचणी संच जवळ असणे हिताचे. स्थिरावलेल्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत.

दुकानात अशा तक्रारीवर निळे औषध किंवा ‘सकर’ मासा हातात ठेवला जातो. निळ्या औषधातील मिथिलीन ब्लू उपयुक्त जिवाणूंनाही मारक ठरू शकते. सकर काचेवरचे शेवाळ खरवडतो; पाण्यातील गढूळपणा त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. उलट तो फूटभराहून मोठा होतो आणि स्वतःच भरपूर घाण करतो. मग कंटाळून त्याला नदीत वा तलावात सोडले जाते. उजनीसारख्या जलाशयात हा परदेशी मासा मच्छीमारांच्या जाळ्यात येऊ लागला आहे. नकोसा मासा दुकानदाराला परत करावा किंवा दुसऱ्या हौशी पालकाला द्यावा. नदीत कधीही सोडू नये.

जुनाच धडा

लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांच्यासमोर हाच प्रश्न उभा होता. गोल्डफिश आणि वॅलिसनेरिया एकत्र ठेवून त्यांनी केलेल्या प्रयोगात झाडाची जुनी पाने कुजू लागली आणि पाणी गढूळ झाले. त्यांनी त्यात तळ्यातील गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने फस्त केली आणि पाणी निवळले. हे निरीक्षण त्यांनी १८५० मध्ये मांडले. पाणी टिकवायचे असेल तर त्यातील प्रत्येक टाकाऊ पदार्थ खाणारे कोणीतरी तेथे असावे लागते, हे त्या पेटीने दाखवून दिले. आजच्या दिवाणखान्यातील टाकीत गोगलगायीचे ते काम स्पंजवरचे जिवाणू करतात. दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य, आठवड्याला सुमारे १० लिटर ताजे पाणी आणि सुरुवातीच्या सहा आठवड्यांचा धीर, एवढे त्यांना मिळाले तर रविवारची सकाळ मोरीत घालवण्याची वेळ सहसा येत नाही.