कूड : परमुलखातले घर

परदेश म्हटला की समुद्रापलीकडचे दूरचे मुलूख आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. वस्तुतः परदेश कोठे सुरू होतो हे मैलांवर ठरत नाही. कायदा त्याची रेघ सरहद्दीवर ओढतो, आणि आपल्याला नावाने हाक मारणारे कोणी उरले नाही की मन आपली रेघ तेथेच ओढून घेते. या दोन्ही अर्थांनी १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोमंतकीयांना मुंबई हा परदेश होता. प्रजाजन पोर्तुगालचे, पोट मुंबईवर आणि मन तिसवाडी, बार्देश वा साष्टीतल्या एखाद्या वाड्यावर, अशी त्यांची तीन ठिकाणी वाटणी झालेली असे.

ही माणसे हौसेने घर सोडून गेली नाहीत. २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे इंग्रज व पोर्तुगीज सरकारांमध्ये एक तह झाला. १८८० पासून १८९२ पर्यंत तो अंमलात होता. त्यान्वये गोव्यातील मिठाच्या धंद्याचे नियंत्रण इंग्रजांच्या हाती गेले व त्याच्या मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला सालीना चार लाख रुपये मिळू लागले. सरकारची भरपाई झाली. मिठागरावर राबणाऱ्याची भरपाई करण्याचे कलम त्या तहात नव्हते. त्याच तहातून मुरगांवची रेल्वे निघाली आणि १८८८ साली ती कॅसलरॉकपर्यंत पोहोचून लोंढ्यामार्गे इंग्रजी मुलखाशी जोडली गेली. अशा रीतीने ज्या कागदाने रोजगार नेला, त्यानेच गाव सोडण्याची वाटही बांधून दिली. गोमंतकीय त्यापूर्वीही मुंबईस जातच होते. आता मात्र त्या वाटेवर गर्दी झाली.

मुंबईत उतरलेला हा मनुष्य बहुधा स्वयंपाकी, बटलर, शिंपी, वाजंत्री किंवा आगबोटीवरचा तारवटी असे. साहेबाच्या घरी नोकरी असेपर्यंत निवारा. नोकरी गेली की वळकटी रस्त्यावर. तारवट्याची स्थिती याहून बिकट. एक सफर संपून दुसरी मिळेपर्यंत त्याला अनोळखी शहरात आठवडेच्या आठवडे काढावे लागत. अशा माणसांसाठी धोबी तलाव, माझगाव आदी भागांत ‘कूड’ नावाची संस्था उभी राहिली. कूड म्हणजे खोली. मराठीत कुडी म्हणजे देह. आणि या खोलीला पाहून तो दुसरा अर्थ आठवल्यावाचून राहत नाही. गावापासून तुटलेल्या माणसांनी आपल्या गावाला परमुलखात दिलेला तो एक देहच होता.

तिची रचना साधी होती. एका गावच्या लोकांनी मिळून जागा भाड्याने घ्यावयाची, प्रत्येकाने महिन्याची अल्प वर्गणी द्यावयाची, भिंतीशी आपली ट्रंक ठेवावयाची व रात्री जमिनीवर पथारी पसरावयाची. खोलीच्या एका बाजूस गावच्या संताची वेदी असे. सायंकाळी ठरल्या वेळी तेर्साची प्रार्थना होई व हजर असलेल्या प्रत्येकाने तीत बसावे असा नियम असे. गावात ज्या दिवशी फेस्त, त्या दिवशी येथेही फेस्त. ऐन भरात अशा कुडींची संख्या तीनशेच्या वर गेली होती. धोबी तलावावरच्या जेर महाल या एका इमारतीत अनेक गावे शेजारी शेजारी नांदत होती.

वकिलाच्या नजरेला या व्यवस्थेतील नियम प्रथम दिसतात, आणि मला वाटते तिचे मर्मही तेथेच आहे. कायद्याचा अभ्यास करीत असताना मी परक्या शहरात भाड्याच्या खोलीत राहत असे. एकदा तीन दिवस तापाने पडून होतो. चौथ्या दिवशी उठून खाली गेलो, तेव्हा माझे दार तीन दिवस बंद होते हे कोणाच्या ध्यानातही आले नव्हते. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. माझी चौकशी करण्याचे काम कोणाकडेच नव्हते. कुडीत असे घडणे कठीण होते. संध्याकाळच्या प्रार्थनेला एक जागा रिकामी दिसली की ती का रिकामी, हा प्रश्न आपोआप निघे. एकाकीपणावर आपण सहानुभूतीचा उतारा सुचवितो. पण सहानुभूती ही लहरीची गोष्ट आहे. त्या अल्पशिक्षित माणसांनी तिच्याऐवजी वेळ, वर्गणी आणि हजेरी यांवर भिस्त ठेवली, हे त्यांचे शहाणपण होय.

तथापि कुडीचे केवळ गुणगान करणे सत्यास सोडून होईल. गावाबरोबर गावातील भिंतीही मुंबईस आल्या. काही गावांच्या कुडी जातवार वेगळ्या होत्या. बहुतेक कुडींत स्त्रियांना राहण्यास मज्जाव होता. मुंबईकराची पत्नी गावी घर, शेत व सासूसासरे सांभाळीत मनीऑर्डरची वाट पाहत असे. तिच्या एकटेपणासाठी कोणी खोली भाड्याने घेतली नाही, आणि त्याचा इतिहासही फारसा लिहिला गेला नाही. १९५५ साली सत्याग्रहानंतर सरहद्द बंद झाली, आगगाडी थांबली, तेव्हा तर या दोन एकटेपणांमधील वाटही खुंटली.

परंतु या परवासातून केवळ उसासेच निघाले असेही नाही. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत लुकाझिन रिबैर व जुआंव आगुस्तीन फेर्नांदिश यांनी ‘इटालियन भुरगो’ हा कोंकणीतील पहिला तियात्र रंगभूमीवर आणला. जी कला आज गोव्याच्या गावोगावी नांदते, तिचा जन्म गोव्याबाहेर झाला. हिंदू गोमंतकीयांनी १९१९ साली मुंबईतच गोवा हिंदू असोसिएशन स्थापन केली. पुढे ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ आणि ‘मत्स्यगंधा’ ही नाटके तिने मराठी रंगभूमीला दिली. प्रार्थनेच्या खोलीत गावचीच माणसे भेटत. नाटकगृहात परगावची, परजातीची माणसेही शेजारी बसली. परमुलखात आपले माणूस शोधणे ही पहिली पायरी, आणि परक्याला आपले करणे ही दुसरी. पहिल्या पायरीवरच जो बसून राहिला तो सुरक्षित राहिला खरा, पण परकाही राहिला.

गोव्याचा तरुण पोर्तुगीज पारपत्र घेऊन २०२० अखेरपर्यंत इंग्लंडातील स्विंडनसारख्या शहरी गेला. आईचा चेहरा त्याला रोज दूरध्वनीच्या पडद्यावर दिसतो. त्याच्या आज्याला हे भाग्य लाभले नव्हते. पण आज्या तापाने पडला, तर पेजेची वाटी घेऊन येणारा मनुष्य त्याच खोलीत होता. पडद्यावरून पेज देता येत नाही. म्हणून परदेशी निघालेल्या मुलाला निरोप देताना ‘पोहोचताच फोन कर’ एवढेच सांगून थांबू नये. तुझे दार तीन दिवस बंद राहिले तर ते कोणाच्या ध्यानात येईल, हेही त्याला विचारावे. आणि तू स्वतः कोणाच्या दाराकडे लक्ष ठेवशील, हेही.