षड्जाचा ठावठिकाणा

भाईंदरच्या खाडीपलीकडे वसईचा किल्ला आहे. १७३९ साली चिमाजी आप्पांच्या फौजेने तो घेतला, तेव्हा तेथील चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून मराठी मुलखात आल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची घंटा त्यांपैकीच मानली जाते. ओतताना घंटेस जो स्वर लाभतो तो जन्माचा. मुलूख पालटला, धनी पालटला, तरी तो चढत नाही की उतरत नाही.

मराठी गवयाचा षड्ज असा बांधलेला कधीच नव्हता. मंद्र आणि तार ही दोन्ही टोके गळ्यास जेथून झेपतील, तेथे तो धरावयाचा व तंबोरा त्यास मिळवावयाचा, एवढाच दंडक. गवई बदलला की षड्ज बदलला. वय झाले की तो खाली आला. त्या जागेस नाव असण्याचे कारणच नव्हते.

नाव दिले ते पेटीने. १८४२ साली पॅरिसच्या दबें नामक कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य हिंदुस्थानात आले, आणि १८८० च्या ‘शाकुंतला’ने उभ्या राहिलेल्या संगीत रंगभूमीवर पुढे त्याचे चांगलेच बस्तान बसले. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तर त्यास स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. नाटकात गळे अनेक आणि पेटी एक. तेव्हा कोणत्या पात्राने कोणत्या पट्टीत गावयाचे हे आधी ठरणे भागच होते. ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ ही भाषा अशीच रूढ झाली. तंबोऱ्याच्या मैफलीतही ती शिरली, आणि गवयाच्या षड्जास प्रथमच पत्ता मिळाला.

पत्ता मिळाला खरा, पण घर जाग्यावर होते काय? पट्टीचा रंग डोळ्यांस दिसतो. तिच्यामागील पितळी जीभ कोठे जुळविली आहे ते दिसत नाही. पेटीवर जी पांढरी सहा, त्या स्वरास फ्रान्सने १८५९ साली कायद्याने सेकंदास ४३५ आंदोलने ठरविली. इंग्लंडात त्या शतकाच्या उत्तरार्धात तोच स्वर ४५२ च्या आसपास चढला होता. ४४० चा मेळ लंडनच्या परिषदेत बसला तो १९३९ साली. याचा हिशेब केला, तर काळी एक फ्रेंच मापाने २७४, इंग्रजी चढ्या मापाने सुमारे २८५ आणि नव्या मापाने २७७ आंदोलनांची ठरते. पहिल्या दोहोंतील अंतर अर्ध्या स्वराच्या दोन तृतीयांशाएवढे! तार षड्जावर धाप लागणाऱ्या गायकनटास हे अंतर लहान वाटले नसेल.

सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली श्रुतींवर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. अब्दुल करीमखाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य त्यांच्या शोधास लाभले होते. अशा गणितात षड्जास २४० आंदोलने धरण्याची प्रथा पडली, ती केवळ सोयीची: ऋषभ २७०, गांधार ३००, मध्यम ३२०, पंचम ३६०, असे सारे पूर्णांक निघतात. हा २४० चा षड्ज आजच्या पेटीवर शोधू गेल्यास काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधल्या फटीत सापडतो. म्हणजे तेथे पट्टीच नाही.

१९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीस दार बंद केले. ठपका तिच्या समान स्वरांतरांवर होता, उंचीवर नव्हे. ती बंदी तीन दशके टिकली. पण ज्या गवयांमागून पेटी काढून घेतली, ते तंबोरा मिळविताना ‘काळी एक’च म्हणत राहिले.

खरी पंचाईत जुन्या तबकड्यांची आहे. आरंभीच्या काळात ध्वनिमुद्रणाचा वेग सर्वत्र ७८ फेऱ्यांचा नव्हता. ७४ फेऱ्यांवर घेतलेली तबकडी ७८ वर वाजविली, की गायकाचा षड्ज जवळजवळ एक पट्टी वर जातो, गळा कोवळा होतो आणि ताना अधिक चपळ भासतात. दिवंगत गवई कोणत्या पट्टीत गात, हा वाद त्यामुळे तबकडीने मिटत नाही. मागे पेटी ऐकू येत असली तरी आधार लंगडाच. तिचे सूर पॅरिसच्या मापाचे की लंडनच्या, हे तबकडीवर कोणी लिहिलेले नाही.