चिकलठाणा–नांदेड हवाई अंतर

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील चिकलठाणा विमानतळ आणि नांदेड येथील श्री गुरू गोविंदसिंगजी विमानतळ या मराठवाड्यातील दोन प्रादेशिक विमानतळांमधील सरळ अंतर. ते सुमारे २१५ किलोमीटर, म्हणजे ११६ सागरी मैल आहे.

गणना : पृथ्वीगोलावरील दोन स्थळांमधील किमान अंतर महावृत्ताच्या कंसाने मोजतात. चिकलठाणा १९.८६° उत्तर अक्षांश व ७५.४०° पूर्व रेखांशावर, तर नांदेड १९.१८° उत्तर व ७७.३२° पूर्व येथे असल्यामुळे हा मार्ग पूर्व-आग्नेय दिशेस जातो. ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाच्या एटीआर-७२ जातीच्या टर्बोप्रॉप विमानास हे अंतर निव्वळ हिशेबाने सुमारे सव्वीस मिनिटांचे ठरते. परंतु चढण, उतरण आणि धावपट्टीकडील चाल यांचा वेळ जमेस धरला असता उड्डाणकाल चाळीस मिनिटांच्या आसपास जातो. जेट विमानाचा वेग अधिक असला तरी इतक्या अल्प पल्ल्यात त्याची बचत काही मिनिटांपलीकडे जात नाही.

मार्ग : ही रेषा जालना शहराच्या दक्षिणेकडून, सुमारे पंधरा किलोमीटरांवरून, परतूर व सेलू यांच्या आसमंतातून आणि परभणीच्या उत्तरेकडून जाते. निजामाच्या अमलात १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेने मनमाडपासून हैदराबादेकडे जो लोहमार्ग घातला, तोही जालन्यापुढे परतूर, सेलू, परभणी असाच जात असल्यामुळे औरंगाबाद ते नांदेड हे रेल्वेचे सुमारे २३७ किलोमीटर अंतर हवाई अंतराहून केवळ दहा टक्क्यांनी अधिक भरते.

जालना : जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी औरंगाबाद व परभणी या जिल्ह्यांच्या भागांतून निर्माण झाला, परतूर तालुका त्यात परभणीकडून आला. कुंडलिका नदीने जुन्या व नव्या अशा दोन भागांत विभागलेल्या या शहरापासून चिकलठाणा पश्चिमेस सरळ रेषेत सुमारे ५० किलोमीटर आहे. साहजिकच नवीन जालन्याच्या प्रवाशास पूर्वेकडील नांदेड विमानाने गाठावयाचे झाल्यास प्रथम पश्चिमेस जावे लागते, उड्डाणाच्या तासभर आधी विमानतळावर हजर राहावे लागते, आणि मग ज्या गावाहून निघाला त्याच्याच दक्षिणेवरून पुढे सरकावे लागते. हा सारा वेळ जमेस धरता चाळीस मिनिटांचे उड्डाण जालना–नांदेड या सुमारे १७५ किलोमीटरांच्या रेल्वेप्रवासाहून विशेष लवकर पोहोचवीत नाही. प्रादेशिक विमानसेवेचा खरा उपयोग मोठ्या शहरांशी जोडण्यासाठी होतो : उडान या प्रादेशिक विमानसेवेच्या सरकारी योजनेच्या प्रारंभी, २७ एप्रिल २०१७ रोजी, नांदेडहून पहिले विमान सुटले ते हैदराबादेकडे.