बेन नेव्हिसची पहाटवाट

डोंगर चढण्याच्या इतिहासात मान असतो तो शिखरावर पहिले पाऊल ठेवणाऱ्याचा. दुसऱ्याचे नाव क्वचित निघते, आणि शंभराव्या खेपेला तेथे कोण गेले हे तर कोणी विचारीतही नाही. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस या पर्वतावरील पहिल्या ज्ञात आरोहणाची नोंद १७७१ सालची आहे; जेम्स रॉबर्टसन नावाचा वनस्पतिसंग्राहक त्या वर्षी तेथे गेला होता. परंतु मला आज सांगायचे आहे ते त्याच्याविषयी नव्हे. त्यानंतर एकशेदहा वर्षांनी एक मनुष्य तोच डोंगर रोज पहाटे चढत राहिला, आणि त्याच्या त्या रोजच्या चढण्यालाच अर्थ होता.

बेन नेव्हिस हा ब्रिटनमधील सर्वांत उंच पर्वत. त्याची उंची १३४५ मीटर. आपल्यापैकी जे कळसूबाईला जाऊन आले असतील ते म्हणतील, यात एवढे काय? कळसूबाई १६४६ मीटर आहे. खरे आहे; पण कळसूबाईच्या पायथ्याचे गाव मुळात सह्याद्रीच्या उंच भूमीवर वसलेले आहे. बेन नेव्हिसच्या पायथ्याचे फोर्ट विल्यम हे गाव समुद्राच्या खाडीला टेकले आहे, म्हणून तेथे बहुतेक सगळी उंची पायांनीच मोजावी लागते. शिवाय हा पर्वत इतका उत्तरेला की माथ्यावरचे वर्षाचे सरासरी तापमान पाणी गोठण्याच्या बिंदूच्याही किंचित खाली राहते.

विमाने आणि उपकरणे घेऊन जाणारे फुगे अजून व्हायचे होते, त्या काळात आकाशात वर काय घडते हे नित्य जाणून घ्यायला पर्वताखेरीज दुसरी शिडी नव्हती. अटलांटिकवरून येणारी वादळे ज्या वाटेने ब्रिटनवर आदळतात त्याच वाटेवर बेन नेव्हिस उभा आहे. तेव्हा त्याच्या माथ्यावर वेधशाळा असावी असे स्कॉटिश हवामान संस्थेच्या मनात १८७७ पासून घोळत होते. संस्थेचे एक चिटणीस थॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहे बांधणारे अभियंता, आणि कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांचे वडील. हवामानकेंद्राच्या अंगणात चार पायांवर उभी असलेली झडपांची पांढरी पेटी आपण पाहिली असेल. तापमापकाला ऊन न लागता वारा लागावा म्हणून ती त्यांनीच योजिली. संस्थेपाशी कल्पना होती, पैसा नव्हता. अशा वेळी क्लेमेंट रॅग नावाचा २८ वर्षांचा एक इंग्रज तरुण पुढे आला आणि म्हणाला, वेधशाळा होईपर्यंत मी रोज वर जाऊन नोंदी घेतो.

१ जून १८८१ रोजी त्याने आरंभ केला. पहाटे पाचाच्या आत घर सोडायचे, वाटेतील तळ्यापाशी थांबून निरीक्षणे घ्यायची, आणि नवाच्या सुमारास माथा गाठायचा. जूनमध्ये त्या देशी रात्र अशी फारशी होतच नाही, त्यामुळे निघताना उजेड असे. ऑक्टोबर उजाडला तेव्हा तीच वाट अंधारात सुरू होऊ लागली. माथ्यावर बहुधा ढगच असत. देखावा पाहण्याच्या हेतूने जाणारा मनुष्य आठवडाभरात कंटाळला असता. रॅग ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जात राहिला. त्याच्या क्लेमेंट या नावाचा अर्थ सौम्य. गावकऱ्यांनी त्याला एक अक्षर जोडून ‘इन्क्लेमेंट’, म्हणजे वादळी, असे नवे नाव दिले.

पण हे काम एकट्याचे नव्हते. रॅग माथ्यावर वायुभारमापकातील पारा वाचीत असे, त्याच घटकेला त्याची पत्नी लिओनोरा खाली फोर्ट विल्यम येथे समुद्रसपाटीवरचा पारा वाचीत असे. माथ्यावर तो साधारण साडेचार इंचांनी खाली असतो. मात्र हा फरक रोज सारखा नसतो, आणि तो कसा बदलतो यातच वादळाची चाहूल शोधायची होती. खालचे वाचन अर्धा तास मागेपुढे झाले तर आढळलेला फरक उंचीचा की दरम्यान पालटलेल्या हवेचा, हे कळण्यास मार्ग नाही. म्हणजे खालच्या घड्याळाने दगा दिला की वरची चढण फुकट. १८८२ साली संस्थेने रॅगला सुवर्णपदक दिले. ते अर्धे तरी लिओनोराबाईंचे होते असे मला वाटते. पदकांना अर्धे होता येत नाही, ही गोष्ट निराळी. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मदतनीस घेऊन त्याने तोच क्रम पुन्हा चालविला.

या नोंदींनी लोकांचा विश्वास बसला. वर्गणी जमली, व्हिक्टोरिया राणीने ५० पौंड दिले, माथ्यापर्यंत घोडवाट खोदली गेली, आणि १७ ऑक्टोबर १८८३ रोजी वेधशाळा उघडली. तिच्या प्रमुखपदासाठी रॅगने अर्ज केला होता. ती जागा रॉबर्ट ओमंड यांना मिळाली. ओमंड योग्य पुरुष होते यात शंका नाही, तरीही ज्याने वाट पाडली त्याला दाराबाहेर राहावे लागले ही गोष्ट मनाला लागते. रॅग ऑस्ट्रेलियाला निघून गेला. तेथे क्वीन्सलंडचा हवामानशास्त्रज्ञ या नात्याने तो वादळांना नावे देऊ लागला, आणि काही नावे त्याने ज्यांच्याशी पटत नव्हते अशा राजकारणी मंडळींची निवडली! १९२२ साली न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे तो निवर्तला.

इकडे माथ्यावर रात्रंदिवस दर तासाला नोंद होऊ लागली, ती वीस वर्षांहून अधिक काळ. वर्षाला सुमारे ४००० मिलिमीटर पाऊस, आणि ऊन सरासरीने दिवसाला दोन तास. महाबळेश्वरच्या पावसाला हा पाऊस पोचत नाही. पण महाबळेश्वरचा चार महिन्यांत आटोपतो, इथला बाराही महिने चालतो. हिवाळ्यात बर्फाने दार बुजे, तेव्हा मनोऱ्यातून बाहेर पडावे लागे. तुफानात निरीक्षकांना कमरेला दोर बांधून जावे लागे.

सप्टेंबर १८९४ मध्ये सी. टी. आर. विल्सन हा २५ वर्षांचा तरुण तेथे काही आठवडे कामास आला. पहाटे सूर्य पाठीशी आणि ढग पायाखाली असता आपल्याच छायेभोवती रंगीत वलये उमटतात, ती त्याने पाहिली. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर आपण ज्याला इंद्रवज्र म्हणतो आणि ज्याचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३५ साली केले, त्याच जातीचे हे दृश्य. तसा ढग आपल्याला काचपात्रात करता येईल काय, या कुतूहलातून विल्सनने प्रयोग आरंभिले. त्यांतून निघालेल्या मेघपेटीत १९११ साली अदृश्य विद्युत्कणांचे माग धुक्याच्या रेषांत दिसू लागले, आणि १९२७ साली त्याला नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

सरकारने पुरेसा पैसा न दिल्यामुळे १९०४ साली वेधशाळा बंद पडली. तिच्या छापील नोंदी मात्र ग्रंथालयांत राहिल्या. २०१७ साली रेडिंग विद्यापीठाच्या पुढाकाराने साडेतीन हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी माथ्यावरच्या आणि फोर्ट विल्यमच्या मिळून पंधरा लाखांवर नोंदी तीन महिन्यांच्या आत संगणकात उतरविल्या, आणि जुन्या वादळांचा अभ्यास करणाऱ्यांच्या हाती त्या आल्या. घोडवाट आजही आहे. वर्षाला लाखाहून अधिक लोक तिने माथ्यावर जातात. तेथे वेधशाळेच्या भिंतींचे अवशेष आहेत, आणि ज्या मनोऱ्यातून निरीक्षक बर्फाबाहेर पडत त्याच्या अवशेषांवर आता हवेत सापडलेल्या वाटसरूंसाठी लहानसा निवारा आहे.