मधुमेहाची चाहूल देणारी प्रथिने

मधुमेहाची परीक्षा शतकानुशतके लघवीवरून होत आली. अशा रुग्णाच्या लघवीला मुंग्या लागतात, हे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथकारांना ठाऊक होते. लिव्हरपूलचे डॉक्टर मॅथ्यू डॉब्सन यांनी १७७६ साली लघवी आटवून तिची गोडी साखरेचीच असल्याचे दाखवले. पण रक्तातली साखर दर डेसिलिटरला साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेल्याशिवाय ती सहसा लघवीत उतरत नाही. म्हणजे ही परीक्षा आजार बळावल्यावरच बोलू लागते. रक्तातली साखर मोजता येऊ लागल्यावरही त्या एका घटकेचाच आकडा हाती येई.

यातून वाट निघाली ती एका प्रथिनामुळे, आणि तीही दुसरेच काही शोधताना. तेहरान विद्यापीठातले सॅम्युएल रहबर रुग्णांच्या रक्तात सदोष हिमोग्लोबिन आहे का, हे विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने तपासत होते. काही नमुन्यांत त्यांना एक वेगळा पट्टा दिसला. ते रुग्ण मधुमेही निघाले. इतर मधुमेहींचे रक्त तपासले, तर तिथेही तोच पट्टा. १९६८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. हा पट्टा ज्याचा होता, तो एचबीएवनसी हा हिमोग्लोबिनचा प्रकार त्याच्या दहा वर्षे आधीच वेगळा काढला गेला होता, पण त्याचे मधुमेहाशी असलेले नाते रहबर यांनी ओळखले. शोधाचे खरे मोल या ओळखण्यातच आहे.

पुढे कारणही उलगडले. ग्लुकोज कोणत्याही विकराच्या मदतीशिवाय हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटते. तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा ठसा तिच्यात उमटलेला असतो. उपचाराने साखर आटोक्यात आली की एचबीएवनसीचे प्रमाणही उतरते, हे १९७६ साली कोनिग, सेरामी आणि सहकाऱ्यांनी दाखवले. मात्र प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी जुळवण्यात बरीच वर्षे गेली. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने ६.५ टक्के ही निदानाची रेषा २०१० साली मान्य केली, जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली.

तरीही एचबीएवनसी सांगते ती साखर वाढून गेल्यानंतरची गोष्ट. त्याआधीची चाहूल टाइप १ मधुमेहात लागली. १९७४ साली लंडनमध्ये बोटाझो, डोनियाक आणि सहकाऱ्यांना स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीसमूहांविरुद्धची प्रतिपिंडे रुग्णांच्या रक्तात आढळली. या प्रतिपिंडांचे एक लक्ष्य जीएडी हे विकर असल्याचे १९९० साली निश्चित झाले. साखर पूर्ण नॉर्मल असतानाही, लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी ही प्रतिपिंडे सापडू शकतात. अशी दोन किंवा अधिक प्रतिपिंडे असलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत मधुमेह होतो, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत दिसले. २०२२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले टेप्लिझुमॅब हे औषध अशांपैकी साखर बिघडू लागलेल्या व्यक्तींत प्रत्यक्ष आजार लांबवते, त्यामुळे या चाचणीला आता उपचाराचीही जोड मिळाली आहे.

टाइप २ मध्ये इतकी नेमकी खूण अजून नाही. चरबीच्या पेशींतून स्रवणारे अ‍ॅडिपोनेक्टिन ज्यांच्यात कमी, त्यांना धोका जास्त. पण एवढ्यावरून एखाद्या व्यक्तीचे निदान करता येत नाही.

एचबीएवनसीचा आकडाही सर्वत्र सारखा भरवशाचा नाही. लोहाच्या कमतरतेत तो फुगतो, तर तांबड्या पेशी लवकर नष्ट होणाऱ्या सिकलसेल आजारात फसवा कमी येतो. विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेल बराच आढळतो. तिथे उपाशीपोटीची आणि ग्लुकोज दिल्यानंतरची साखर तपासल्याशिवाय केवळ या आकड्यावर निदान करू नये.